चारशे तेरा चिंचोके

विजयमाला तोडकर यांचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही, एवढं मला नक्की आठवतं. निळं आंतरदेशीय पत्र होतं. कडा भाताच्या शितांनी चिकटवल्या होत्या, त्यामुळे उघडताना एका बाजूला फाटलं. मी ते खुर्चीत बसून एकदा आणि खिडकीशी उभं राहून एकदा वाचलं. मग एका जाड शब्दकोशात घालून तो कोश वरच्या फळीवर ठेवून दिला. पत्रात एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं. आज लिहू, उद्या लिहू म्हणता अठरा वर्षं गेली.

तेव्हा मी सांगलीतल्या एका इतिहास संशोधन मंडळात ग्रंथपाल होतो. मंडळाकडे मोडी कागदांचे अडीचशे रुमाल होते. रुमाल म्हणजे लाल कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. कागद हाताळून हाताळून झिजत चालले होते. ते सगळे स्कॅन करून ठेवावेत अशी योजना एका न्यासाच्या देणगीतून सुरू झाली. संगणक कोण सांभाळणार, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी लिनक्स या संगणकप्रणालीवरची दोन पुस्तकं वाचलेली होती. ज्यानं पुस्तक वाचलं त्याला काम येतं, असा आमच्या मंडळात समज होता. मीही तो मोडला नाही.

संगणक दोन होते. एक नवा, एक कुणीतरी दान दिलेला जुना. दोघांना सहा महिन्यांसाठी कामावर घेतलं होतं. प्रमोद इनामदार चार दिवस आधी रुजू झाला, म्हणून नवा त्याला मिळाला. जुना विजयमाला तोडकरांकडे गेला. त्या सावळजहून रोज सकाळच्या एस.टी.नं येत. वय तीसच्या आतबाहेर, बोलणं कमी आणि हात चालू.

त्या दोघांची खोली आणि माझी खोली यांच्या मध्ये प्लायवुडची भिंत होती. पलीकडचं सगळं ऐकू येई.

"ओ तोडकर, जरा दम खावा की. पेशवे काय परत येत न्हाईत कागद मागायला."

"तुमीच खावा दम. माझा रुमाल आज संपवायचाय."

"संपवून काय मिळणार? दुसरा रुमालच मिळणार."

"मग त्यो संपवीन."

आणि पुन्हा तो आवाज सुरू होई. स्कॅनरचं झाकण पडे, आतला दिवा सरकताना गुरगुरे, झाकण उघडे, कागद उलटे, झाकण पडे. मी इकडे सूचीचं काम करत असे, किंवा खरं सांगायचं तर पुष्कळदा वाचत असे, आणि तो आवाज वाचण्याच्या खाली एका लयीत चालू असे.

त्यांच्या टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. शंभर पानं झाली की त्या त्यात एक चिंचोका टाकत. एकदा मी विचारलं, हे काय?

"मोजमाप, सर. आमच्या आईचं." त्या जराशा लाजल्या. "ती हळदीच्या वखारीत निवडायला जायची. पाटी भरली की एक चिंचोका. मुकादमाची वही एकीकडं नि आईचा डबा एकीकडं."

"आणि दोन्ही जुळायचं?"

"वही चुकायची कधी कधी. आईचं न्हाई चुकलं." मग त्या म्हणाल्या, "तुमचं मशीन मोजतंयच की. हे आपलं उगंच. हाताला सवय."

"हो, मशीन मोजतं," मी म्हणालो.

ते कसं मोजत होतं हे सांगायला हवं. लिनक्सच्या प्रत्येक संगणकात एक प्रोग्राम रोजनिशी लिहीत असतो. काय घडलं, किती वाजता घडलं, एका घटनेला एक ओळ. तिला लॉग म्हणतात. स्कॅनिंगचा प्रोग्राम मी त्या रोजनिशीला जोडून दिला होता. एक पान स्कॅन झालं की ‘पान झालं’ अशा अर्थाची एक ओळ तिच्यात पडे. ओळीत पानाचा क्रमांक घालावा की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला आणि घातला नाही. क्रमांक चित्राच्या नावात होताच, मग तोच पुन्हा कशाला लिहायचा? ओळ साधी असावी असं वाटलं. चित्रं दोघांचीही एकाच सर्व्हरवर, रुमालाच्या फोल्डरमध्ये एकत्र होत. कुणाचं किती, हे फक्त रोजनिशीवरून कळणार होतं.

रोजनिशी लिहिणारा प्रोग्राम मात्र दोन्हीकडे एक नव्हता. जुन्या मशीनवर जुना, नव्यावर त्याच्या जागी आलेला नव्या पिढीचा. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या साधनांना वाचता येतं, असं माझ्या पुस्तकात स्पष्ट दिलं होतं. मी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघही मारली होती.

एप्रिलच्या शेवटी मंडळाचे कार्यवाह गुळवणी सर माझ्या खोलीत आले. निवृत्त मुख्याध्यापक, कडक आणि घाईतले.

"सोवनी, पुढच्या तीन वर्षांसाठी न्यासाकडून मंजुरी आली. पण माणूस एकच ठेवायचा आहे. ज्याचं काम जास्त, तो राहील. मला कुणाची वशिलेबाजी नको, आकडा हवा."

मी प्रोग्राम चालवला. ‘पान झालं’ असं असलेल्या ओळी मोजायच्या, एवढंच त्याचं काम होतं. इनामदार सव्वीस हजार दोनशे बारा. तोडकर अकरा हजार सहाशे चाळीस. मी तीनदा चालवला. तीनदाही तेच आलं.

"सर, बेरीज जुळत नाहीये असं मला वाटतं," मी म्हणालो. "सर्व्हरवर चित्रं याहून बरीच जास्त आहेत."

"गेल्या उन्हाळ्यात कॉलेजच्या मुलांनी केलेली पानं त्यातच आहेत ना?"

"हो, आहेत."

"आणि खराब आलेली, पुन्हा केलेली?"

"तीही आहेत."

"झालं तर मग."

त्यांनी दोघांना बोलावून घेतलं. प्रमोद दाराशी उभा राहिला. विजयमालाताई पदर नीट करत पुढे आल्या. गुळवणी सरांनी कागदावरचे दोन आकडे वाचून दाखवले.

"अकरा हजार?" त्या म्हणाल्या. "सर, कायतरी चुकलंय. एवढं तर माझं पौषापातुर झालं असंल."

"ताई, हे मी म्हणत नाही, मशीन म्हणतंय. आणि मशीनचं तुमच्याशी काय वाकडं आहे?"

"मी मोजलेत, सर."

"कशावर?"

गुळवणी सरांसमोर चिंचोके म्हणायला त्यांना अवघड वाटलं असावं. मला माहीत होतं, पण मीही म्हणालो नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"सर, तुमीच बसवलंय ते. बरोबर हाय?"

"तसं… बरोबर असावं."

"असावं म्हणजे काय, सोवनी?" गुळवणी सर म्हणाले. "आहे की नाही?"

"आहे," मी म्हणालो.

विजयमालाताई परत आपल्या खोलीत गेल्या. अर्धवट राहिलेला रुमाल त्यांनी कडा जुळवून बांधला, वर चिठ्ठी लावली आणि कपाटात ठेवला. प्रमोद खाली मान घालून बसला होता. विजयमालाताईंनी चप्पल घातली आणि मला लांबूनच नमस्कार केला. चारची गाडी मिळाली असेल त्यांना. त्यानंतर भिंतीपलीकडे प्रमोदचा एकट्याचा स्कॅनर राहिला.

जूनमध्ये मी जुन्या मशीनवरही नवा प्रोग्राम घालायला घेतला. घालण्याआधी जुन्या रोजनिशीची प्रत काढून ठेवावी म्हणून ती उघडली. तोवर मी फक्त आकडा पाहिला होता. रोजनिशी अशी कधी वाचलीच नव्हती.

पहिली ओळ होती: पान झालं. तिच्याखाली इंग्रजीत होतं, मागचाच संदेश आणखी दोन वेळा. त्याखाली, मागचाच संदेश आणखी तीन वेळा. पुन्हा तीन वेळा. पुन्हा दोन वेळा. असं पानभर.

जुन्या प्रोग्रामची ही रीत होती. डिस्क महाग होत्या त्या काळातला तो. तीच ओळ लागोपाठ, मिनिटाच्या आत पुन्हा आली तर तो ती लिहीत बसत नसे, नुसती किती वेळा आली ते टिपून ठेवी. नवा प्रोग्राम असं काही करत नसे. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येतं, हे पुस्तकातलं वाक्य खरंच होतं. पण मोजायला मी लावलेला प्रोग्राम ‘पान झालं’ हे शब्द शोधत होता, आणि अशा गुंडाळलेल्या ओळींत ते शब्दच नव्हते. कुणी रमतगमत, मिनिट-दीड मिनिटाला एक पान केलं असतं, तर जुन्या मशीननंही त्याची एकेक ओळ लिहिली असती. न थांबता काम करणाऱ्याचीच पानं नाहीशी होत होती. मी ओळीत क्रमांक घातला असता तर कुठल्याच दोन ओळी सारख्या झाल्या नसत्या आणि एकही गेली नसती.

लिहिलेल्या आणि गुंडाळलेल्या सगळ्या ओळी धरून मी बेरीज केली. एक्केचाळीस हजार तीनशे सत्तावीस.

मग मी पलीकडच्या खोलीत गेलो. प्रमोद चहाला गेला होता. खणात डबा तसाच होता. मी तो माझ्या टेबलावर आणून ओतला आणि दहा-दहाच्या रांगा लावल्या. एक्केचाळीस रांगा झाल्या आणि वर तीन चिंचोके. पुन्हा मोजले. चारशे तेरा.

तो बेरजेचा कागद घेऊन मी गुळवणी सरांच्या दारापर्यंत गेलो. आत न्यासाचे कुणी पाहुणे बसले होते. सर त्यांना सांगत होते, "आता आमच्याकडे सगळं संगणकावर. चुकीला जागाच नाही. आमचे सोवनी आहेत ना, ते फार चोख." पाहुणे काहीतरी म्हणाले आणि दोघे हसले. मी दारातून परत फिरलो. पाहुण्यांसमोर नको, उद्या सांगू, असं ठरवलं. डबा माझ्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी मला वाटलं की आपली बेरीजच चुकली असेल, पुन्हा तपासावी. ती चुकली नव्हती. तिसऱ्या दिवशी प्रमोदच्या नेमणुकीचं पत्र निघालं, आणि त्याच्या घरून पेढे आले. मी एक घेतला.

श्रावणात पत्र आलं. ते मला पाठ आहे.

"सर यांस, साष्टांग नमस्कार. मी काम परत मागायला लिहीत नाही. घरी सासरे म्हणतात, सहा महिने रोज सकाळच्या गाडीनं जात होतीस, मग काम त्या दुसऱ्याच्या निम्मं पण कसं नाही, दिवसभर कुठं होतीस. मालक त्यांच्यापुढं बोलत नाहीत. आता मला कुठंच कामाला सोडत नाहीत. तुम्ही एवढंच लिहून पाठवा, की चुकलं कोण, मशीन का मी. तुमचं लिहिलेलं ते मानतील. माझा डबा खणात राहिला आहे, तो टाकून देऊ नये. आपली, विजयमाला तोडकर."

मी सात उत्तरं लिहिली. पहिल्यात दोन्ही प्रोग्रामांतला फरक चार पानं समजावून सांगितला होता. ते सासऱ्यांना कसं कळणार, म्हणून फाडलं. दुसऱ्यात माफीच फार झाली. तिसरं मंडळाच्या कागदावर लिहिलं, मग वाटलं त्याला जावक क्रमांक लागेल आणि गुळवणी सर विचारतील. बाकीची आता आठवत नाहीत. पण सातही पत्रांत कुठेतरी ‘प्रोग्रामच्या मर्यादेमुळे’ असे शब्द होते, ते मात्र आठवतं.

गुळवणी सर पुढे वारले. मी निवृत्त झालो. माझ्याकडे वाचायला पुष्कळ पुस्तकं आहेत आणि दिवस बरे जातात.

गेल्या महिन्यात प्रमोद घरी आला. आता तो मंडळाच्या दप्तरविभागाचा प्रमुख आहे. केस पिकलेत, पोट सुटलंय, बडबड तीच.

"सर, तुमच्या कपाटाची किल्ली हरवली म्हणून कुलूप तोडलं. म्हटलं यात आता सोवनी सरांचं काय धन निघतंय!" त्यानं पिशवीतून डबा काढून माझ्यापुढे ठेवला. "हे निघालं. तोडकरचे ना हे?"

मी डबा जवळ ओढला. मग, का कोण जाणे, मी त्याला सगळं सांगितलं. गुंडाळलेल्या ओळी, बेरीज, गुळवणी सरांचं दार, पत्र. आजवर हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना मी प्रोग्रामांविषयी जरा जास्तच बोललो असेन. मला वाटलं होतं, त्याला धक्का बसेल. शेवटी नोकरी त्याला लागली होती.

प्रमोदनं चहाचा कप खाली ठेवला.

"मला ठाऊक होतं, सर."

"काय ठाऊक होतं? तू रोजनिशी पाहिली होतीस?"

"रोजनिशी कशाला बघायला पाहिजे? तिच्या समोर बसत होतो की मी. माझं एक पान व्हायच्या आत तिची दोन व्हायची."

"मग तू बोलला का नाहीस?"

"मला नोकरी पाहिजे होती," तो म्हणाला. "बायको पोटुशी होती तेव्हा. मी गप बसलो, ते माझं पाप. पण सर, तुमची काय अडचण होती?"

"मला जूनमध्ये कळलं रे. त्या दिवशी मला खरंच माहीत नव्हतं."

"असं कसं? भिंत प्लायवुडची होती."

मी त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला काय ऐकू येत नव्हतं?" प्रमोद म्हणाला.

तो हे टोमणा म्हणून म्हणाला नाही. अगदी साधेपणानं विचारलं त्यानं. मी ऐकत होतो. सहा महिने रोज ऐकत होतो. झाकण, गुरगुर, झाकण. त्या लयीवर मी किती पुस्तकं वाचली असतील. दुपारी एक वाजता आवाज थांबला की मी मान वर करी, कारण त्या डबा खायला उठल्या असत. अर्ध्या तासानं तो सुरू झाला की मी पुन्हा पुस्तकात डोकं घाली. प्रमोदचा स्कॅनर कधी वाजे आणि कधी वाजत नसे, हेही मला माहीत होतं. आणि गुळवणी सरांनी "आहे की नाही?" असं विचारलं तेव्हा, इतके दिवस कानांनी ऐकलेलं सोडून मी हातातल्या कागदाकडे पाहिलं होतं.

"त्या आहेत कुठं?" मी विचारलं.

"सावळजलाच. मध्ये एका लग्नात भेटली होती. सासरे गेले तिचे, झाली की पाच-सहा वर्षं."

"मग आता लिहून तरी काय उपयोग? ज्यांना दाखवायचं ते तर…"

"सर, ते तुम्ही ठरवू नका," प्रमोद म्हणाला. "पत्र तिनं लिहिलं होतं. उत्तराची वाट तिनं बघितली असंल."

तो गेल्यावर मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा कोश काढला. पत्राचा निळा रंग उडालाय, अक्षर मात्र स्वच्छ आहे. मी टेबलाशी बसलो. चार पानं लिहिणार असं वाटलं होतं, पण एवढंच झालं:

"सौ. विजयमालाताई तोडकर यांस, सप्रेम नमस्कार. आपल्या पत्राचं उत्तर द्यायला अठरा वर्षं उशीर झाला. आपण विचारलं होतं, चुकलं कोण. आपण चुकला नाहीत. मशीनही चुकलं नाही. चुकलो मी. मोजण्याचा प्रोग्राम मी चुकीचा लिहिला. ते मला दोन महिन्यांत कळलं होतं, तरी मी कुणाला सांगितलं नाही. आपण एक्केचाळीस हजार तीनशे सत्तावीस पानं केलीत, इनामदारांपेक्षा पंधरा हजारांनी जास्त. आपण दिवसभर कुठे होता हे मला माहीत होतं. भिंतीपलीकडून मी रोज ऐकत होतो. हे पत्र ज्यांना दाखवायचं त्यांना दाखवावं. डबा सोबत पाठवत आहे. आपल्या आईंच्या मापात चूक नाही. आपला, श्री. द. सोवनी."

पाठवण्याआधी चिंचोके पुन्हा मोजले. दोन-चारांना कीड लागली होती, पण चारशे तेरा भरले.

पोस्टातल्या माणसानं खोका वजनकाट्यावर ठेवला.

"काय आहे आजोबा यात?"

"चिंचोके."

"चिंचोके?" त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "रजिस्टर करून पाठवताय? सावळजला काय चिंचा नाहीत होय?"

"हे त्यांचेच आहेत," मी म्हणालो. "परत करायचे राहिले होते. आणि आत एक पत्र आहे."

त्यानं पावती फाडून दिली, खोक्यावर शिक्का मारला आणि खोका मागच्या पोत्यात टाकला. आतले चिंचोके एकदा वाजले.